आईच्या साडीचा रंग

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन गोष्टी हटकून होतात. एक म्हणजे सौ. माळा आवरायला काढते, आणि दुसरी म्हणजे माळ्यावरून खाली आलेल्या वस्तूंपैकी निम्म्या मी तिचा डोळा चुकवून पुन्हा वर चढवतो. गेली वीस वर्षे हा क्रम बिनबोभाट चालू आहे. यंदा मात्र खाली आलेला एक पत्र्याचा डबा मला वर चढवता आला नाही. उघडून पाहिला तो पाहतच बसलो.

डब्यात काकांच्या स्लाइड्स होत्या. मोजल्या, त्र्याण्णव निघाल्या.

आमचे काका बोटीवर नोकरीला होते. वर्षा-दीड वर्षाने घरी यायचे तेव्हा आम्हा मुलांसाठी चॉकलेटे, बायकांसाठी वासाचे साबण आणि सबंध चाळीसाठी एक प्रोजेक्टर घेऊन यायचे. रात्री जेवणे आटोपली की खोलीतल्या भिंतीवर पांढरी चादर ताणायची, दिवे मालवायचे, आणि मग त्या चादरीवर योकोहामाचे बंदर, हँबुर्गचे पूल आणि मधूनच आमचे स्वतःचे चेहरे खोलीभर मोठे होऊन झळकायचे. आपल्या मुलखाला हा खेळ काही नवा नव्हे. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला, त्याच्या चार वर्षे आधी, १८९२ साली, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर आणून लोकांना थक्क केले होते. काकांच्या खेळाला एवढे मोठे नाव नव्हते. चाळीत त्याला नुसते ‘बोटीचा सिनेमा’ म्हणत.

त्या त्र्याण्णव स्लाइड्समध्ये मला हवी होती ती एकच. १९८३ च्या दिवाळीतली. उन्हे कललेली आहेत, चाळीच्या गॅलरीत आकाशकंदील टांगलेला आहे, मागे दोरीवर नानांचा सदरा वाळतो आहे, आणि कंदिलाखाली आई उभी आहे. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. त्यानंतर दोनच वर्षांनी आई गेली. तिचे बाकीचे फोटो काळेपांढरे. रंगीत म्हणावा असा हा एकच. वीस-बावीस वर्षांपूर्वी नानांनी या स्लाइडवरून कागदी प्रत काढून घेतली. तीच आज देवघराशेजारी लावलेली आहे आणि अविधवा नवमीला आम्ही तिलाच हार घालतो.

स्लाइड उजेडाकडे धरली आणि पोटात धस्स झाले. सबंध चित्र जणू आमसुलाच्या पाण्यात बुडवून काढले होते. भिंत तांबूस, सदरा गुलाबी, आईचा चेहराही तांबूस. शिवाय उजव्या बाजूला बुरशीने एक जाळे विणले होते, ते नेमके आईच्या हातावर आले होते.

“मोबाइलवर फोटो काढून ठेवू या की,” आमच्या कन्येने तोडगा काढला. तिने ट्यूबलाइटसमोर स्लाइड धरून फोटो काढलाही. त्यात ट्यूबलाइट उत्तम आली. आई मात्र काळ्या सावलीत गेली.

या सदराच्या वाचकांना माझे विज्ञान ठाऊक आहे. घरातला फ्यूज उडाला तरी मी शेजाऱ्यांना हाक मारतो. तेव्हा दुसऱ्या दिवशी तो डबा काखोटीला मारून मी आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना गाठले. स्टाफरूममध्ये त्यांना सगळे ‘पदार्थविज्ञान’ म्हणूनच हाक मारतात, जसा मी ‘मराठी’ आहे. त्यांच्याकडे स्लाइड वाचण्याचे एक जुने यंत्र आहे. मोठ्या कॅमेरा-कंपन्यांनी असली यंत्रे करणे केव्हाच सोडले. यांनी ते कुठूनसे जुन्या बाजारातून पैदा करून स्वतः दुरुस्त केले आहे. रविवारी ते यंत्र पिशवीत घालून पदार्थविज्ञान आमच्या घरी हजर झाले.

“आधी स्लाइड म्हणजे काय ते समजून घ्या,” पहिला घोट घेताच त्यांनी तास सुरू केला. “कागदावरचा फोटो उजेड परतवतो, म्हणून दिसतो. स्लाइड उजेड आरपार जाऊ देते, म्हणून दिसते. ही एवढीशी फिल्म, २४ मिलिमीटर रुंद आणि ३६ लांब. तिच्यात जिलेटिनच्या थरांत तीन रंगद्रव्ये आहेत : पिवळे, किरमिजी आणि आकाशी. या शेवटच्याला आम्ही सायन म्हणतो.”

“म्हणजे शीव-सायनचे सायन?” मी.

“ते नव्हे. हे द्रव्य लाल उजेड अडवते. किरमिजी हिरवा अडवते, पिवळे निळा अडवते. कोणत्या ठिकाणी कोणी किती अडवले यावर आपल्याला तिथे कोणता रंग दिसायचा ते ठरते. तुमच्या फिल्ममधले सायन चाळीस वर्षांत विरले. काही फिल्म्सच्या नशिबी ते असतेच. अंधारात ठेवल्या तरी उष्म्याने आणि दमटपणाने रंग विरतो. आता लाल उजेडाला अडवणारा पहारेकरीच अशक्त झाला, म्हणून सगळीकडून लाल घुसतो आहे. कळले?”

चोर आला नव्हता, पहारेकरी म्हातारा झाला होता, एवढे मला कळले.

“आणि मोबाइल का नाही चालला?”

“एक तर तुमच्या ट्यूबच्या उजेडात सगळे रंग सारखे नसतात. दुसरे, कागदी फोटोत सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या जागेत फरक असतो सुमारे शंभरपट. स्लाइडमध्ये तो हजारपटीच्याही वर जातो. एवढ्या दाट सावलीत शिरून तिथला उजेड मोजायचा तर संथपणे, एकेक ठिपका घेऊन मोजावा लागतो. हे यंत्र तेवढेच करते. मोजते.”

त्यांनी स्लाइड यंत्राच्या फटीत सरकवली. आत काहीतरी घरघरले आणि उंबराच्या झाडावर भुंगा बसावा तसा आवाज येऊ लागला.

आत काय चालले होते ते पदार्थविज्ञानांनी सांगितले ते असे. स्लाइडच्या एका बाजूला बारीक एलईडी दिवे असतात : लाल, हिरवा आणि निळा. दुसऱ्या बाजूला एक भिंग, आणि भिंगामागे प्रकाश टिपणाऱ्या सूक्ष्म घरांची एकच ओळ, सीसीडी नावाची. प्रत्येक दिवा पाळीपाळीने लागतो, स्लाइडमधून जेवढा उजेड पार होतो तेवढा त्या घरांत पडतो, आणि जेवढा उजेड पडला तेवढा विजेचा भार प्रत्येक घरात साठतो. मग तो मोजायचा कसा? चाळीत आग लागली की माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसे प्रत्येक घर आपला भार शेजाऱ्याच्या हाती देते. रांगेच्या टोकाला मोजणारा बसलेला असतो. तो प्रत्येक बादली मोजून आकडा लिहून ठेवतो. ही युक्ती विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काढली आणि तिच्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. चाळीस वर्षे थांबावे लागले म्हणायचे. आमच्या स्लाइडलाही तेवढीच लागली.

एक ओळ मोजून झाली की मोटर स्लाइडला केसाहूनही बारीक पाऊल पुढे सरकवते. पुन्हा तीन दिवे, पुन्हा बादल्या, पुन्हा आकडे. इंचाला चार हजार ठिपके या हिशेबाने रुंदीत ३,७८० ठिपके आणि लांबीत ५,६६९ ओळी. गुणाकार केला तर सुमारे २ कोटी १४ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे, आणि प्रत्येक आकड्याला गडद काळ्यापासून लख्ख उजेडापर्यंत ६५,५३६ पायऱ्या. सहावीत मला गणितात जे गुण पडले होते ते आठवून मी आदराने त्या डब्याकडे पाहिले.

“असले यंत्र पहिल्यांदा कोणी केले?” सौ.ने विचारले. तिला कोणत्याही गोष्टीचे मूळ लागते.

“रसेल कर्श. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणसंस्थेत होता. १९५७ साली संगणकाला चित्र दाखवायचे त्याच्या मनात आले. चित्र कोणते निवडले असेल? आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो. पाच सेंटिमीटरचा चौरस, १७६ ठिपके रुंद आणि १७६ उंच. संगणकात शिरलेला तो पहिला फोटो.”

आमची खोली क्षणभर शांत झाली. एवढ्या मोठ्या संस्थेत, एवढ्या मोठ्या संगणकापुढे त्या गृहस्थाने ठेवले ते पोराचे चित्र! काकांच्या स्लाइडची पुठ्ठ्याची चौकटही पाच सेंटिमीटरचीच आहे, हे मी पट्टी लावून पाहिले.

मग पडद्यावर आई आली. तांबूसच, पण अशी स्पष्ट की दोरीवरच्या सदऱ्याचे काजही दिसत होते. पदार्थविज्ञानांनी एक कळ दाबली. ‘रंग पूर्ववत्’ करण्याची कळ ती. चित्राने एकदम कात टाकली. भिंत पांढरीशुभ्र झाली, आणि आईची साडी झाली निळी. थेट मोरपंखी.

“छे, छे!” आरामखुर्चीतून नाना ओरडले. “निळी कुठली? गुलबक्षी होती. मीच आणलेली.”

ताई नाशिकहून फोनच्या पडद्यावर हजर होती. ती आईच्या मागे वावरलेली, तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, “डाळिंबी. मला पक्के आठवते.”

आत्या कोपऱ्यात वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “वांगी.”

पदार्थविज्ञान चष्मा पुसू लागले. “हे पाहा, ही कळ काही तुमच्या आईंना ओळखत नाही. तिचा एक ठोकताळा आहे : प्रत्येक चित्रात सर्वांत उजळ ठिपका पांढरा असावा आणि सर्वांत गडद ठिपका काळा असावा. तिन्ही रंग त्या मापाला ताणून बसवायचे. पण तुमचा फोटो कलत्या उन्हातला. तिथे भिंत पिवळसरच असणार. यंत्राने ती पांढरी केली आणि त्या भरात साडी निळी करून टाकली.”

“मग खरा रंग कसा काढायचा?”

“यंत्राची चूक काढायची असेल तर सोपे आहे. कंपनीने मोजून दिलेली, शेकडो रंगांचे चौकोन असलेली प्रमाण-स्लाइड मिळते. ती घालून पाहायची आणि यंत्र किती चुकते ते ताडायचे. मी ते करूनच आलो आहे. यंत्र बरोबर वाचते आहे. चूक स्लाइडमध्ये झाली आहे, आणि जे सायन उडून गेले ते किती होते हे स्लाइडला सांगता येत नाही. या चित्रातल्या एखाद्या वस्तूचा खरा रंग बाहेरून कळायला हवा. सदरा पांढरा होता हे धरू. आणखी एक साक्षीदार हवा. ती साडी आहे का कुठे?”

चाळीस वर्षांपूर्वीची साडी! नाना खिडकीबाहेर पाहू लागले. मी देवघराशेजारच्या फोटोकडे पाहिले आणि एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. तो फोटो काढला तेव्हाच स्लाइड तांबूस व्हायला लागली होती, म्हणून तिथे साडी गुलबक्षी दिसते. नाना तीच साडी रोज सकाळी पूजेच्या वेळी वीस-बावीस वर्षे पाहत आले. आता त्यांना आठवते ती साडी आहे की फोटो? आणि मला तर आईचे जे आठवते त्यात हा फोटो किती आणि आई किती? हा हिशेब मांडायचे धैर्य मला झाले नाही.

आत्या वाती बाजूला ठेवून उठली. आतल्या खोलीत गेली आणि आपल्या बिछान्यावरची गोधडी घेऊन आली. “ती गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी शिवली,” ती म्हणाली. “तिच्याच पातळांची. हा तुकडा त्यातला.”

तुकडा विटकरी-राखाडी होऊन गेला होता. धुऊन धुऊन आणि गच्चीवर वाळत घालून घालून त्याचा रंग कुठल्या कुठे गेला होता. माझा चेहरा पडलेला पाहून आत्याने गोधडीची कड उलटली, सौ.कडून कात्री मागितली आणि चार टाके उसवले. कडेच्या दुमडीत कापडाची दोन बोटे रुंदीची पट्टी होती. चाळीस वर्षांत तिच्यावर ऊन पडले नव्हते. तो रंग पाहून कोणी काही बोलले नाही. ऐन मोसमातल्या, देठ ताज्या वांग्याचा रंग होता तो.

पदार्थविज्ञानांनी पट्टी खिडकीतल्या उजेडात धरली, पडद्याकडे पाहिले, आणि मग आकडे एकेक करून हलवू लागले. “पट्टीसुद्धा धुण्यात थोडी उतरली असेल,” ते म्हणाले, “पण अंदाजापेक्षा साक्षीदार बरा.” सायनची छाया त्यांनी हळूहळू दाट करत नेली. सदरा पांढरा आणि साडी वांगी, ही दोन्ही ज्या क्षणी एकदम जुळली त्या क्षणी ते थांबले. मग आपोआप भिंतीवर कलते ऊन आले, तोरणातले झेंडू केशरी झाले, आणि आईचा चेहरा तांबूस होता तो सावळा झाला. आई सावळी होती हे मला कोणी सांगितलेच नव्हते. कदाचित सगळे विसरले असतील.

नाना खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “वांगी. खरंच की. गुलबक्षी तिला आवडत नसे.” एवढे बोलून ते गॅलरीत गेले.

आता राहिला बुरशीचा डाग. पदार्थविज्ञान म्हणाले, त्यालाही इलाज आहे. यंत्रात चौथा दिवा असतो अवरक्त किरणांचा, जे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. रंगद्रव्ये या किरणांना अडवत नाहीत. धूळ, ओरखडे आणि बुरशी अडवतात. तेव्हा अवरक्त उजेडात आई दिसतच नाही, दिसतो तो फक्त मळ. त्या मळाचा नकाशा करून यंत्र तेवढी जागा शेजारच्या रंगांनी भरून काढते. (काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चित्र चांदीचे असते, आणि चांदी हे किरण अडवते, म्हणून तिथे ही युक्ती लागू पडत नाही.)

कळ दाबली. जाळे गेले. आईचा उजवा हात स्वच्छ झाला. आणि रिकामा झाला.

फोटोत तिचा हात वर उचललेला आहे. काहीतरी धरल्यासारखी बोटे आहेत. जे धरले होते ते बुरशीने जिलेटिनसकट खाल्ले, आणि यंत्राने त्या जागी इमानेइतबारे भिंत रंगवली.

“काय होते हातात?” मी विचारले. ताई म्हणाली पणती, आणि मग म्हणाली, नक्की नाही. गॅलरीतून नाना म्हणाले फुलबाजी असावी. मी आशेने आत्याकडे पाहिले. ती उसवलेल्या कडेला पुन्हा टाके घालत होती. म्हणाली, “मी त्या दिवशी माहेरी नव्हते रे.”

काकांना विचारायला हवे होते. काका जाऊन नऊ वर्षे झाली. ती नऊ वर्षे आणि त्याआधीची कितीतरी हा डबा माझ्या माळ्यावर होता, आणि दर दिवाळीला तो मीच पुन्हा वर चढवत होतो.

“तो डाग परत आणा,” मी पदार्थविज्ञानांना म्हणालो.

त्यांनी काही विचारले नाही. त्या एका जागेपुरती सफाई काढून टाकली. साडीच्या रंगाला साक्षीदार होता, म्हणून तो रंग आम्ही भरला. हातातल्या वस्तूला साक्षीदार उरला नाही, तर तिथे भिंत कशाला रंगवायची? डाग निदान इथे काहीतरी होते एवढे तरी सांगतो.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल. दिवाळीच्या आवराआवरीत तो सापडला तर कृपा करून पुन्हा वर चढवू नका. स्लाइड्स ओल्या फडक्याने पुसू नका, जिलेटिन पाण्याने फुगते. धूळ हवेच्या फुग्याने उडवा. डब्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवा आणि डबा उष्णतेपासून दूर ठेवा. वाचून घ्यायच्या तर चांगल्या यंत्रावर एकदाच नीट वाचून घ्या, आणि आकड्यांच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. मूळ स्लाइड मात्र टाकू नका. उद्या याहून चांगले यंत्र निघेल, पण वाचायला मूळ पोथी हवी.

आणि हे सगळे करण्याच्या आधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला खिडकीशी बसवा, एकेक स्लाइड त्यांच्यापुढे धरा, आणि ते सांगतील ते चौकटीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा. कोण, कुठे, केव्हा, आणि हातात काय. दोन कोटी ठिपके वाचणाऱ्या यंत्राला एवढे वाचता येत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या भिंतीवर पुन्हा चादर ताणलेली असेल. काकांच्या प्रोजेक्टरचा दिवा आता लावायचा नाही, त्याच्या उजेडाने उरलासुरला रंग उडतो; त्र्याण्णव चित्रे आकड्यांवरूनच पडद्यावर येतील. आईचा फोटो सर्वांत शेवटी. तिच्या हातात काय आहे यावर नाना आणि ताई यांचे पुन्हा भांडण जुंपेल. मी त्यात पडणार नाही.